सॅलामँडरचे हिवाळे

ज्या प्राण्याच्या मागे मी माझ्या उमेदीचे हिवाळे घालवले, तो प्राणी आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात राहतच नाही. त्याला भेटायचं तर हिमालयाच्या पार पूर्वेकडच्या डोंगरांत जावं लागतं. हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला कळलं, आणि कळलं तेव्हा भर वर्गात मी इतक्या मोठ्यानं हसले की मॅडमनी मला बाहेर उभं केलं. बाहेर उभी राहून हसतच होते, मग जरा रडलेही. का ते मॅडमना सांगता येण्यासारखं नव्हतं. आता साठी जवळ आल्यावर सांगायला हरकत नाही, कारण ज्यांची अडचण झाली असती ती माणसं आता नाहीत, आणि जी आहे तिनं स्वतःच मला हे लिहायला सांगितलं आहे.

सगळा दोष एका तक्त्याचा. जैनथच्या अलीकडे, पैनगंगेपासून अर्ध्या कोसावर आमचं गाव. आमच्या मराठी शाळेत जीवशास्त्राच्या सरांनी एक गुंडाळीचा तक्ता लावला होता. त्यावर बेडूक होता, आणखी दोन-तीन ओळखीची तोंडं होती, आणि खाली कोपऱ्यात काळाकुळकुळीत, पिवळ्या ठिपक्यांचा, पालीसारखा पण पाल नव्हे असा एक प्राणी होता. सरांनी पुस्तकातून वाचून दाखवलं : याला सॅलामँडर म्हणतात, अंग ओलसर असतं, खवले नसतात, पाण्याजवळ राहतो आणि थंडीत दगडाखाली किंवा कुजक्या लाकडाखाली निजून असतो. कुठल्या देशातली थंडी ते पुस्तकानं सांगितलं नव्हतं आणि सरांनीही विचारलं नव्हतं. उलट ते म्हणाले, "जो कोणी आणून देईल त्याचं नाव बरणीच्या चिठ्ठीवर लिहू." आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तेव्हा चार बरण्या होत्या आणि चारही चिठ्ठ्यांवर मुलांची नावं होती. एकानं तर नुसता खेकडा आणला होता. खेकड्यासाठी नाव! माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथेच. त्या कपाटात 'कुसुम' अशी चिठ्ठी लागल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पहिली थंडी मी एकटीच हिंडले. आमची वस्ती मळ्यातच. बाबा वांगी, मेथी, पालक आणि सांबार लावत. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि थंडीत पहाटे तिच्या जुड्या बांधताना हातांना जो वास लागतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. बाबा बंडी जुंपून आदिलाबादच्या बाजाराला गेले की मी पाटाच्या कडेनं सुरू करायची. एकेक दगड उलटायचा, खाली बघायचं, पुन्हा होता तसा ठेवायचा. शेजारच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरायचे, राखणीवालीचा पत्र्याचा डबा वाजला की सगळा थवा एकदम उठून दुसरीकडे बसायचा. दगडांखाली मला विंचू भेटले, गोम भेटली, निजलेले बेडूक भेटले, आणि एकदा एक गुळगुळीत चकचकीत प्राणी भेटला तेव्हा मी आनंदानं ओरडलेच. तुपाच्या डब्यात घालून तो शाळेत नेला. सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ही सापसुरळी. खवले मोज." वर्ग खदखदून हसला. घरी आईनं डबा चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकला आणि मला थंडगार पाण्यानं आंघोळ घातली. त्या दिवसापासून आई माझ्या प्राण्याला 'तुही ओली पाल' म्हणू लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. ती बेज्जूरकडची. जिल्हा एकच, पण आमचं सगळं उघडं, काळ्या मातीचं, कापसाचं रान, आणि तिचं गाव सागाच्या आणि बांबूच्या जंगलात, प्राणहितेच्या बाजूला. घरात बसून रस्ता मोजला तरी दिवस जावा इतकं लांब. तिला आई नव्हती, भाऊ नव्हता. वडील होते, त्यांना ती तिकडच्या रीतीनं नायना म्हणायची. जन्मभर जंगलात बांबू तोडून त्यांची छाती दम्यानं धरली होती. वहिनी माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पण मी नणंद, म्हणून मला 'कुसुमबाई, तुमी' म्हणायची आणि तेवढ्यावरच थांबायची. पहिले काही महिने तिनं घरात जे शब्द उच्चारले ते एका पोस्टकार्डावर मावले असते. आईला वाटलं सून गरीब स्वभावाची आहे. मला वाटलं जरा मंद आहे. दोघींचंही चुकलं होतं.

ते मला कळलं नदीवर. थंडी पडू लागली होती, आम्ही दोघी धुणं घेऊन गेलो होतो. मी माझ्या सवयीनं काठाचे दगड उलटवत धावत होते, तर मागून वहिनी हळूच म्हणाली, "कुसुमबाई, असं धावल्यानं काई दिसत नाई. बसा." मी बसले. तिनं बोटानं वाळूचं बेट दाखवलं. तिथे तांबूस रंगाची दोन मोठी पाखरं उभी होती, मी रोज पाहत होते त्याच वाळूत आणि मला कधी दिसली नव्हती. "चकवे हायेत," ती म्हणाली. "आमच्याकडं बी येतात. हे पाणी पुढं आमच्याच गावावरून जाते." मग जरा थांबून तिनं ओल्या मातीतला एक ठसा दाखवला, हा मुंगसाचा. हा कोल्ह्याचा, आणि लंगडा आहे, डावा पाय टेकत नाही. पुढच्या दोन आठवड्यांत तिनं मला जे शिकवलं ते पुढे तीस वर्षं मी मुलांना पगार घेऊन शिकवलं. वारा कुठून येतो ते आधी बघायचं. डोळे एका जागी ठेवायचे नाहीत. पाखरं गप्प झाली की आपण हलायचं नाही. धुणं घरी उशिरा यायला लागलं. आई म्हणायची, "दोघी मिळून नदी धुऊन राह्यल्या काय?"

पण नदीवरून परतताना ती मागे वळून पाण्याकडे बघायची, आणि मला ते दिसत होतं. लग्नाला दोन संक्रांती होत आल्या तरी ती एकदाही माहेरी गेली नव्हती. आमच्याकडे रीत अशी की सुनेला माहेरचा माणूस न्यायला आला पाहिजे. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाप, भाऊ, चुलता, कोणी तरी यायचं, त्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, गोडधोड करून घालायचं, आणि मग सून त्याच्यासोबत पाठवायची. मुऱ्हाळी आला नाही तर सून जात नाही. आपल्या पायानं गेली तर ती रुसून गेली किंवा हाकलली, असं गाव समजतं. नायनांना अंगणातून नाल्यापर्यंत जायला दम लागत होता. ते कुठले बस बदलत आमच्या दारात येतात? दादाला विचारावं तर कापसाचा हंगाम, तो आदिलाबादला जिनिंगमध्ये दिवसरात्र. आणि त्यानं नेलं असतं तरी ते रीतीत बसत नव्हतं. लग्नानंतरच्या त्या दुसऱ्या थंडीत तिच्या गावचा एक माणूस बाजारात बाबांना भेटला आणि सांगून गेला की नायनांना ही थंडी जड चालली आहे. बाबांनी ते जेवताना सांगितलं. वहिनी वाढत होती. तिच्या हातातली भाकर ताटात पडायच्या ऐवजी जमिनीवर पडली. आई म्हणाली, "कोणी न्याले आलं तं धाडू नं बाई. आमी काय नाई म्हणून राह्यलो?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या घरात कोणीच दुष्ट नव्हतं, म्हणून तर काही मार्ग निघत नव्हता.

दोनतीन दिवसांनी संध्याकाळी मी चुलीपाशी बसले होते. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या विस्तवावर वांगी भाजायला ठेवली होती, त्यांची सालं तडतडत होती. मी माझ्या ओल्या पालीचं रडगाणं लावलं होतं. ही थंडीही चालली, पुढच्या वर्षी दहावी, मग शाळा सुटेल, चिठ्ठी राहूनच जाईल. वहिनीनं वांगं फिरवलं आणि चुलीकडे बघतच विचारलं, "शेपटी असते नं त्याले? चार पाय? अंग ओलं?"

"हो."

"हाय नं मग. आमच्या गावच्या नाल्यात हाय. लय हाय."

मी जागेवरून उडालेच. आजपर्यंत का नाही सांगितलं, असं विचारायचंही मला सुचलं नाही. आंधळा मागतो एक डोळा, तशी माझी गत. तशीच उठून बाबांकडे गेले. बाबा स्वतः दुसरीपर्यंत शिकलेले. शाळा या शब्दापुढे ते कोर्टापुढे उभं राहिल्यासारखे नरम व्हायचे. मी सांगितलं, संक्रांतीची सुट्टी आहे, सरांनी काम दिलं आहे, प्राणी बेज्जूरकडे मिळतो, जागा फक्त वहिनीला माहीत आहे.

"शाळेचं काम हाय तं जा लागन," बाबा म्हणाले.

आई आतून बाहेर आली. "मुराळी आला नाई अन् सून धाडता?"

"सून कुठं धाडून राह्यलो? पोरगी चालली शाळेच्या कामाले. तिले जागा दाखवाले माणूस नको?"

आई पदर सावरून आत गेली. बापाला भेटायचं म्हणून जे दार दीड वर्ष उघडलं नव्हतं, ते एका पालीसाठी अर्ध्या घटकेत उघडलं. तेव्हा मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला होता. आज वाटते ती लाज.

बाबांनी आदिलाबादच्या स्टँडवर आम्हाला ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली केलं, त्याला हिंदीत चार वेळा बजावलं, आणि वांग्यांची एक पिशवी दिली. माझ्या मांडीवर झाकणाला भोकं पाडलेली काचेची बरणी. आसिफाबादला उतरून दुसरी गाडी, कागजनगरला तिसरी. जसजशी झाडं दाट होत गेली तसतशी वहिनी खिडकीला चिकटत गेली, आणि कागजनगरनंतर चक्क बोलायला लागली, मराठीत मला आणि तेलुगूत शेजारणीला. तिला इतकं बोलता येतं हे मला पहिल्यांदाच कळत होतं. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बांबूच्या तट्ट्यांचं, मातीनं लिंपलेलं घर. अंगणात शेकोटीपाशी घोंगडीत एक म्हातारा बसला होता. त्यानं मान वर करून "कोन?" म्हणून विचारलं. वहिनी समोर जाऊन उभी राहिली, आणि बापाच्या गळ्यात पडायच्या ऐवजी तिनं भांडायलाच सुरुवात केली : हा धूर छातीत का घेता, चुलीतली राख किती दिवसांची, भांडी कोणी अशी घासली. नायना तिचा हात धरून बसले होते. ती भांडत होती आणि हात सोडवून घेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बरणी घेऊन तयार, तर वहिनी घर सारवत होती. "उद्या जाऊ." त्याच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत. तीळगूळ झाला, आणि तिनं नाल्यातल्या माशांचं चिंचेतलं कालवण केलं. आमच्या घरी मासा शिजत नसे. मी आधी नाक मुरडलं आणि मग दोनदा भात मागून घेतला. अडुळशाचा काढा दिवसातून तीनदा उकळत होता. वाकळा धुऊन वाळत होत्या. "उद्या नक्की," ती म्हणाली. आम्हाला उद्या तर परत निघायचं होतं, पण बाबा तारखा ठरवताना एक गोष्ट विसरले होते. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर, आणि करीला कोणी प्रवासाला पाऊल बाहेर टाकत नाही. आयताच एक दिवस मिळाला. वहिनीच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते लपवायला ती पाणी आणायला गेली.

करीच्या सकाळी आम्ही नाल्यावर गेलो. पाण्यावर धुकं होतं, वाळू पायाला चावत होती. वाटेत तिनं मोहाच्या खोडावर अस्वलाच्या नखांच्या खुणा दाखवल्या, बोरांच्या बियांनी भरलेली त्याची विष्ठा दाखवली. वर कड्यावर गिधाडं पंख उघडून ऊन घेत बसली होती. तेव्हा ती डझनावारी असायची, आता गिधाड दिसलं तर मी फोन करून मैत्रिणीला सांगते. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर मी तासभर घालवला असता. त्या दिवशी मला फक्त दगड दिसत होते. ती त्या काठानं, मी या काठानं. गार पाण्यात बोटं बधिर झाली. किती वेळ गेला कोण जाणे, कंबर सरळ करायला मी उभी राहिले आणि सहज तिच्याकडे पाहिलं. ती दगड उलटत होती आणि माझ्याकडे बघत होती. पुन्हा एक उलटला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. दगडाखाली तिनं एकदाही पाहिलं नाही. ज्या बाईला मातीतल्या ठशावरून कोल्ह्याचा लंगडा पाय कळतो, ती दगडाखाली बघत नव्हती.

"वयनी," मी म्हटलं, "तुमी तो पाह्यला काय कधी?"

तिनं दगड हळूच खाली ठेवला. "नाई."

"मग काऊन म्हटलं?"

"मले कोन मुराळी येनार व्हतं, कुसुम?" ती म्हणाली. तिनं मला पहिल्यांदाच नुसत्या नावानं हाक मारली होती. "ह्या थंडीत नायना गेले असते तं मी काय केलं असतं?"

माझा राग काय सांगावा! मी बरणी वाळूत आपटली. फुटली नाही, त्याचाही राग आला. तू खोटारडी आहेस, माझं नाव त्या कपाटात लागणार होतं, मी सगळ्या वर्गाला सांगून आले आहे, घरी गेल्याबरोबर मी आईला सगळं सांगणार, असं मी त्या नाल्यात उभी राहून ओरडले. पाखरं उडून गेली. तिनं हात जोडले नाहीत, की रडली नाही. "सांग," म्हणाली. "पन आजचा दिस मले त्याच्यासंगं राहू दे." आणि पदर खोचून घराकडे निघाली. मी मुद्दाम शंभर पावलं मागून चालले. आईला मी सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोलून सासरची पोर पळवणारी सून म्हणून तिचं माहेर कायमचं बंद झालं असतं, आणि ते बंद करायला बाबाही आड आले नसते.

संध्याकाळी मी अंगणात फुगून बसले होते. नायनांनी वहिनीला गरम पाणी आणायला सांगितलं. मला वाटलं त्यांना हवं असेल. ते काठी टेकत उठले, दोनदा खोकले, माझ्यापुढे लाकडी पाट मांडला आणि म्हणाले, "बस बाई, पाय धू." मी म्हटलं, मला कशाला? तर म्हणाले, "मुराळ्याचे पाय धुतात. पोरीले तिच्या मायघरी तूच आनली. मले तिले न्याले याचं व्हतं तिकडं, जमलं नाई." मोठ्या माणसानं असं म्हटल्यावर काय करतात हे मला शिकवलेलं नव्हतं. मी पाय पुढे केले. वहिनीनं पाणी ओतलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मग त्यांनी वहिनीला आधी मला वाढायला लावलं, शेवटचे तीळ घालून केलेली पोळी माझ्या ताटात. काही तरी बोलायचं म्हणून मी त्यांना विचारलं, "नायना, काळा, पिवळ्या ठिपक्याचा, ओला, शेपटीचा असा प्राणी इथं तुमी पाह्यला काय?" वहिनीचा हात थांबला. नायनांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना सगळं समजलं. हसायला लागले, हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. "जलमभर या जंगलात हिंडलो, मले तं नाई दिसला," ते म्हणाले. "पन मले न दिसलेलं लय असन."

परतीच्या प्रवासात मी पुढच्या बाकावर बसले, वहिनी मागच्या. घरी पोचलो तेव्हा बाबा मेथीच्या जुड्या पोत्याखाली झाकत होते. आई दारात उभी. शेजारच्या दोन बायका काही तरी मागायच्या निमित्तानं आलेल्या, आणि नेमका त्या दिवशी दादाही घरी. वहिनी गाठोडं डोक्यावर तसंच ठेवून उंबऱ्याबाहेर थांबली. आईची नजर सरळ माझ्या रिकाम्या बरणीवर गेली.

"काय वं, भेटली काय तुही ओली पाल?"

मी वहिनीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

"नाई भेटली," मी म्हटलं. "अर्धाच नाला पाहून झाला. एका थंडीत भेटनारा प्राणी नाई तो. पुढच्या थंडीत पुन्हा जा लागन. वयनीले घेऊन."

बाबांनी मेथीवरून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे बराच वेळ पाहिलं. "शाळेचं काम हाय," ते आईला म्हणाले, "अर्धं सोडून कसं चालन?"

नायना त्यानंतर चार हिवाळे जगले. चारही हिवाळ्यांत आम्हाला सॅलामँडर सापडला नाही.